तालीम, मैदान, नाट्यगृह: कोल्हापुरात काय आहे आणि ते कोण वापरतं?

पीटीच्या बाई | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. सगळी नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागात विकासकामांच्या मागण्या लिहून घ्यायला बैठक झाली. पहिली मागणी आली बहुउद्देशीय हॉलची. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर असे दोन हॉल आधीच उभे आहेत. एकाला कायम कुलूप असतं, आणि त्याची किल्ली कोणाकडे हे बैठकीतल्या कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्यात लग्नसराई सोडली तर खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. तरी तिसऱ्या हॉलची मागणी टाळ्यांच्या गजरात कागदावर गेली. त्या संध्याकाळपासून हा विषय डोक्यातून जात नाही.

पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करताना मैदानं किती, हॉल किती, व्यायामशाळा किती हे कुणीतरी मोजतंच. चौरस फूट आणि बांधकामाचं साल सरकारी रजिस्टरात सापडतं. मला हवी आहे ती नोंद तिथे नसते. पहाटे पाच ते आठ त्या जागेवर कोण असतं, दुपारी कोण, दिवे लागल्यावर कोण? भाडं किती, आणि ते न परवडल्यामुळे कोण परत गेलं? पाणी प्यायची सोय आहे का, शौचालय उघडं असतं का, दिव्यांच्या खांबांपैकी किती लागतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली कोणाकडे?

शाळेत मी एक गोष्ट शिकले. हजेरीपटावर चाळीस नावं असतात, मैदानावर चाळीस मुलं कधीच नसतात. जी आली नाहीत ती का आली नाहीत हे विचारायला घरी जावं लागतं, आणि मी जात असे. आपल्या जागांसाठी तसं कुणी जात नाही.

माझा प्रस्ताव असा: ज्याने त्याने आपल्या पेठेतली किंवा कॉलनीतली एकच जागा घ्यायची, आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिथे जायचं आणि वहीत लिहायचं. काय लिहावं हे इथे ठरवू. तुमच्या भागातलं काय असेल ते मनमोकळं लिहा.

लाल माती | रविवार, सकाळी ११:०५

बाई, विषय चांगला काढलात. पण तालमीला कुठल्या खान्यात घालणार ते आधी सांगा. क्रीडा का संस्कृती?

आमच्या पेठेतलीच तालीम घ्या. पहाटे चारला पोरं जोर-बैठका मारायला येतात, मग हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीच्या खड्ड्यात, लढती. दुपारी वस्तीला असलेले पैलवान खुराक करून आडवे होतात. संध्याकाळी वरच्या खोलीत फुटबॉल संघाची बैठक. भाद्रपदात तिथंच गणपती, मोहरमला तिथंच पंजे. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, पण बाबूजमाल तालीम माहीत असलेल्या कोल्हापूरकराला ते सांगावं लागत नाही. पेठेत कुणी गेलं तर पुढच्या तयारीला माणसं गोळा होतात तीही तालमीसमोरच. आता हे सगळं 'व्यायामशाळा, १ नग' असं लिहून कसं भागेल?

दुसरं म्हणजे माती. हौदा एकदा बांधला की झालं असं लोकांना वाटतं. लाल माती चाळायची, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल घालून मुरवायची, रोज उकरायची, वेळेला बदलायची. या खर्चाचा रकाना कुठल्याच अर्जात मी बघितलेला नाही. इमारतीला पैसे मिळतात, मातीला मिळत नाहीत. त्यात पोरांना पुढे जायचं तर गादीवर खेळावं लागतं. जागा तेवढीच असली की हौद्यावर फळ्या टाकून गादी अंथरायची का माती ठेवायची, असा वाद होतो. माझं मत विचाराल तर दोन्ही पाहिजे, कारण मातीवर दम वाढतो आणि गादीवर गुण मिळतात. तुमच्या वहीत 'माती आहे का, गादी आहे का, दोन्ही एका वेळी वापरता येतात का' असं विचारा.

तिसरी घंटा | रविवार, दुपारी १२:३०

लाल माती, तुमचीही तालीम आणि आमचीही तालीमच. अडचणही एकच, जागेची.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा आम्ही बरेच जण रस्त्यावर उभे होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते नाट्यगृह, आणि त्याला लागून १९१२ मध्ये पुरं झालेलं खासबाग कुस्ती मैदान. एका अंगाला नाटक, दुसऱ्या अंगाला कुस्ती. खेळ आणि कला यांची अशी शेजारी बांधणी एका राजाने शंभर वर्षांपूर्वी केली, म्हणून लाल मातींचा 'कुठला खाना' हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. त्या आगीत मैदानाच्या बाजूचा मंचही गेला.

नाट्यगृहाबद्दल सगळे बोलतात आणि बोललंच पाहिजे. पण हौशी रंगकर्मी त्या रंगमंचावर वर्षातून तीन-चार रात्री उभा राहतो. उरलेले दिवस त्याला लागते ती तालमीची खोली. साधारण रंगमंचाएवढी मोकळी जमीन, पंखा, दिवा, रात्री साडेसात ते साडेदहा मिळेल अशी. माणसं नोकरी आटोपून येतात, त्यामुळे दुपारची वेळ फुकट दिली तरी उपयोग नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचे दोन महिने आम्ही कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या कारखान्यात, एकदा तर रिकाम्या गाळ्यात तालमी केल्या. गाळ्याला शौचालय नव्हतं. आमच्यातल्या दोघींनी त्या वर्षी नाटक सोडलं.

शाळांचे वर्ग रात्री रिकामे असतात. बाई, तुम्ही शाळेतल्या आहात म्हणून विचारते, ते उघडायला नक्की अडतं कुठे?

आणि प्रत्येक हॉलसाठी हे जरूर लिहा: वायरिंगची शेवटची तपासणी कधी झाली, अग्निशमनाची साधनं मुदतीत आहेत का, मागचं दार उघडतं का. हे रंगकर्मीने विचारायला हवं हे आम्हाला कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

पीटीच्या बाई | रविवार, दुपारी १:१५

तिसरी घंटा, अडतं ते शिपायापाशी. रात्री दार उघडून बसणाऱ्याला जादा पैसे कोणी द्यायचे हे ठरत नाही आणि काही मोडलं तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. मीही एका मंडळाला असंच 'नाही' कळवलेलं आहे, कारण फळ्यावरचं परीक्षेचं काम पुसलं गेलं होतं. आज वाटतं, दोन वर्ग ठरवून दिले असते, रखवालदाराचा खर्च मंडळाने भरला असता, तर चाललं असतं. 'शाळेचे वर्ग संध्याकाळी मिळतात का, कोणत्या अटीवर' हा प्रश्न वहीत घेतला.

नकाशावाला | रविवार, संध्याकाळी ६:२०

नगररचनेत काम केलं आहे, म्हणून कायद्याच्या अंगाने लिहितो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजना करण्याआधी अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. त्यात मैदान हिरव्या रंगात दिसतं. तिथे खेळ चालतो की ट्रक उभे राहतात हे त्या रंगावरून कळत नाही. प्रारूप योजना, म्हणजे योजनेचा मसुदा, कलम २६ खाली प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. लोक त्या ३० दिवसांत जागे होतात आणि घाईघाईने 'आमच्या भागात मैदान हवे' असं एका ओळीचं पत्र देतात. सुनावणीत त्या पत्राचं वजन फार नसतं. तेच पत्र 'अमुक मैदानावर संध्याकाळी जागा नसल्याने दोन संघ परत जातात, अमुक आरक्षणाची (योजनेत मैदानासाठी राखलेली) जागा पाचशे मीटरवर मोकळी पडून आहे' असं आलं तर अधिकाऱ्याला त्यावर उत्तर लिहावं लागतं. म्हणून बाईंची वही आधी तयार हवी.

आता आरक्षणाचं. नकाशात मैदान दाखवलं म्हणजे मैदान झालं असं नाही. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द होतं. असं गेलेलं मैदान परत मिळत नाही, तिथे इमारत उभी राहते. तेव्हा वहीचा एक भाग आज नसलेल्या मैदानांचाही असू द्या. आपल्या भागातली खेळाची आरक्षणं कोणती आणि त्यांची मुदत कुठवर आली, हे विचारून घ्या.

प्रमाण किती असावं, असं कुणीतरी विचारेलच. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये दर १५,००० लोकवस्तीमागे दीड हेक्टरचं एक खेळाचं मैदान धरलं आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे तेव्हाच्याच माणसांसाठी अशी छत्तीस मैदानं हवीत. डोळे मिटून मोजून बघा, किती आठवतात ते.

पेठकरी | रविवार, रात्री ९:१०

सगळं वाचलं. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते स्पष्ट लिहितो.

माणूस मोजून काय होतं ते मी बघितलंय. आमच्याकडच्या एका जुन्या वाचनालयात 'सरासरी रोज इतकेच वाचक' असा कागद झाला. त्याच कागदाच्या जोरावर खालचा मजला दुकानांना द्यायचं ठरलं. वाचक कमी का झाले, तर दिवे गेलेले, नवी पुस्तकं बंद, वेळ सकाळी दोन तास. ते कागदावर नव्हतं. तुम्ही 'हा हॉल कोणी वापरत नाही' असं लिहून द्याल आणि सहा महिन्यांत तिथे कुणाचं तरी शोरूम असेल. आधी आहे ते दुरुस्त करा, मग मोजा.

याच शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, गाण्याचा देवल क्लब १८८३ पासून. ही माणसं मोजून उभी राहिली नाहीत. कुणाला तरी ते असावंसं वाटलं आणि पुढच्या पिढ्यांनी टिकवलं.

पीटीच्या बाई | रविवार, रात्री १०:००

पेठकरी, तुमचं भय खरं आहे आणि मी ते मनावर घेतलं आहे. म्हणून एक नियम आत्ताच करते: वहीत नुसता आकडा लिहायचा नाही. 'कमी लोक येतात' असं लिहिलं की त्याच्या शेजारी कारण लिहायचं, आणि ते कारण तिथे न येणाऱ्या किमान तीन माणसांना विचारून लिहायचं. कारण नसेल तर ती नोंद बाद.

दुरुस्तीनंतर मोजा हे मात्र मला मान्य नाही. दुरुस्ती कशाची करायची हे ठरवणाराला ती जागा कशी चालते हे माहीत नसलं की तो फरशी बदलतो. दिवे तसेच राहतात.

बावड्याची | सोमवार, सकाळी १०:२५

कसबा बावड्यात राहते. माझी मुलगी नववीत आहे, फुटबॉल खेळते. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल असं आपण अभिमानाने सांगतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा घरोघरी टीव्ही लावून बसले होते लोक. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की शहराचं कामकाज मंदावतं. पण मुलीला सरावाला कुठे पाठवायचं?

मैदान आहे. मुलांचे दोन गट आधीपासून खेळतात, तिसऱ्या कोपऱ्यात क्रिकेट. मुली गेल्या की 'थोडं थांबा, आमचं होऊ दे' असं होतं. कुणी वाईट बोलत नाही, पण त्यांचं होईपर्यंत अंधार पडतो. मग परत येताना मैदानापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा जो बोळ आहे त्यात दिवा नाही. मी रोज दुचाकी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहते. ज्यांच्या आईला ते जमत नाही त्या मुली येत नाहीत.

बाई, तुमच्या वहीत मैदानाच्या फाटकापाशी थांबू नका. फाटकापासून घरापर्यंतची वाटही लिहा.

तिसरी घंटा | सोमवार, सकाळी ११:००

+१. आम्ही नाटकवाल्याही याच बोळातून जातो, फक्त रात्री अकराला.

दोन चाकं | सोमवार, दुपारी ३:४५

मी चाकाच्या खुर्चीवर असतो. बहुतेक हॉलच्या दाराशी आता उतार केलेला दिसतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तो करणं भागच आहे. पण उतार चढून गेल्यावर पहिली पायरी असते रंगमंचाची. मी प्रेक्षक असणार असंच धरून चालतात. मी तबला वाजवतो. मंचावर जाताना दरवेळी चार जणांनी खुर्चीसकट उचललेला माणूस म्हणून लोकांसमोर यावं लागतं. 'मंचावर चाकाची खुर्ची जाते का' ही ओळ घ्या, एवढीच विनंती.

पीटीच्या बाई | सोमवार, दुपारी ४:१०

घेतली. आणि इतकी वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं करून मला ही ओळ सुचली नाही, याचं वाईट वाटलं.

उचगावकर | सोमवार, रात्री ८:३०

प्रभागवार मोजणार असाल तर आम्ही कुठे? उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, सगळी घरं शहराला चिकटलेली, पण हद्दीबाहेर. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्द तीच आहे. हद्दवाढ व्हावी की नको हा वाद इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत. पण आमची मुलं पोहायला, नेमबाजीला, गाणं शिकायला शहरातच येतात. लोकसंख्येला भागून 'इतक्या माणसांमागे एक मैदान' काढताना आम्ही त्या भागाकारात नसतो.

उलट बाजूही आहे. ऑलिम्पिक पदक आणणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. गावात जे नाही ते मिळवायला पोरांना घर सोडावं लागतं. वहीत 'कुठून आलात, कसे आलात, यायला किती वेळ लागला' हे विचारा. त्यातून कळेल की पुढची जागा शहराच्या मध्यात हवी की कडेला.

नकाशावाला | सोमवार, रात्री ९:००

उचगावकरांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. मोठं क्रीडा संकुल किंवा नाट्यगृह यांचं क्षेत्र प्रभागाच्या रेषेने ठरत नाही, बसच्या मार्गाने ठरतं. छोट्या मैदानाचं मात्र चालत दहा मिनिटांच्या आतच ठरतं. दोन्हींना एकच माप लावू नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपली कितीतरी मैदानं म्हणजे जुनी तळी आहेत. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. शाहू स्टेडियम रावणेश्वर तळ्याच्या जागेवर आहे. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. पावसाळ्यात मैदान किती दिवस वापराबाहेर जातं हे लिहिलंत तर पुढचा खर्च निचऱ्यावर करायचा की प्रेक्षक गॅलरीवर, याचं उत्तर मिळेल.

लाल माती | सोमवार, रात्री १०:१५

पाण्याचं निघालंच तर पुराचं पण बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला आणि २०२१ ला त्याच्या कितीतरी वर पाणी गेलं. सुतारवाड्यातली माणसं तर दर मोठ्या पुरात बिछाना उचलून निघतात. ती जातात कुठं? शाळेत, मठात, मंगल कार्यालयात, हॉलमध्ये. तालमीतली पोरं त्या वेळेला होडीवर असतात आणि तालमीत चपात्यांचा ढीग लागलेला असतो.

म्हणून प्रत्येक हॉलला विचारा: २०१९ चं पाणी इथं आलं होतं का? शंभर माणसं रात्री झोपली तर शौचालयं किती? स्वयंपाकाला जागा आहे का? बाई, खेळ नि संस्कृतीच्या यादीत हे बसत नसेल, तरी लिहा.

पेठकरी | मंगळवार, सकाळी ८:०५

हे शेवटचं मला पटलं. मी आमच्या वाचनालयाची वही करतो. न येणाऱ्या तीन माणसांचा नियम मीही पाळेन. मात्र पुढे कुणी ही नोंद मागितली तर आकडे वेगळे काढून देऊ नका. द्यायची तर पानासकट द्यायची.

पीटीच्या बाई | मंगळवार, सकाळी ८:४०

मान्य. पानासकटच.

पीटीच्या बाई | पुढचा मंगळवार, सकाळी ९:१५

आठवडा झाला. बाकीच्यांच्या वह्या येतीलच, माझ्या मैदानाचं सांगते.

पहिले तीन दिवस संध्याकाळी गेले. मुली जवळजवळ नाहीतच. बावड्याच्या ताईंनी सांगितलं तेच चित्र. तेवढ्यावर थांबले असते तर 'या मैदानावर मुली येत नाहीत' असं लिहून मोकळी झाले असते. चौथ्या दिवशी पहाटे पावणेपाचला गेले. अंधारात कडेकडेने मुली पळत होत्या. पोलीस भरतीची तयारी. त्यांना आठशे मीटर आणि शंभर मीटर पळायचं असतं, गोळा टाकायचा असतो. काही जणी सायकलने शेजारच्या गावांतून येतात, म्हणजे उचगावकरांचीही नोंद झाली. मैदानाची फेरी किती मीटरची हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे आपली वेळ खरी किती हेही त्यांना कळत नाही. गोळा एकच, आळीपाळीने टाकतात. खांबावरचे दिवे रात्री दहाला बंद होतात ते पहाटे लावायला कुणी नाही, म्हणून मोबाइलच्या उजेडात पळतात. संध्याकाळी का येत नाही असं विचारलं तर एकीने सांगितलं, 'बाई, संध्याकाळी मैदान पोरांचं असतं.'

मी शाळेतली जुनी मापनफीत घेऊन गेले होते. दोघींना फीत धरायला लावली आणि आम्ही फेरी मोजून चुन्याने खुणा केल्या. पाऊस येईपर्यंत टिकतील.

शौचालय आहे, चांगल्या स्थितीत आहे. कुलूप असतं. किल्ली फाटकासमोरच्या चहावाल्याकडे, आणि तो सातला येतो. मुली साडेसहाला जातात. त्याच्याशी बोलले, तो म्हणाला, दुसरी किल्ली करून घ्या, माझी हरकत नाही. ज्यांच्या ताब्यात मैदान आहे त्यांना कालच लेखी पत्र दिलं आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.